घरची गोळी, कुठले कॅलिबर?

मंडळी, गेल्या अंकात गणपतीच्या मखरासाठी कथलाची छोटी कमळे घरच्या घरी कशी ओतायची ते लिहिले होते. त्यावर दोन पत्रे आली, दोन्ही साचा कुठे मिळतो हे विचारणारी. तिसरा मात्र फोन होता. फोन करणारा आपल्याच अर्विंगचा, व्हॅली रँचमध्ये राहणारा, मूळचा सावंतवाडीकडचा. वय तिशीच्या आसपास, मला दादा म्हणतो. म्हणाला, "दादा, साचा बदलला की कमळाच्या जागी बंदुकीची गोळी ओतता येईल ना? मला रायफल घ्यायची आहे आणि गोळ्या घरीच ओतायच्या आहेत. कॅलिबर कुठले घेऊ?"

विषय काढल्याबरोबर काही वाचकांच्या भुवया वर जाणार, हे मला ठाऊक आहे. ज्या गावाने २०१४ साली थॉमस जेफरसन पार्कमध्ये गांधीजींचा पुतळा उभारला, त्याच गावात बसून हा गृहस्थ बंदुकीवर लेख लिहितो म्हणजे काय! तुमचे म्हणणे मान्य. बंदूक घ्या असे मी कोणालाच सांगत नाही. पण टेक्ससमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी काही जण शनिवारी सकाळी रेंजवर जातात, काही जण ओळखीच्या रँचवर रानडुकरांच्या मागे जातात, आणि पॉटलकच्या रांगेत मात्र त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. जी गोष्ट होतेच आहे ती नीट समजून व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू. शिवाय या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला होता. तो मला फोनच्या शेवटी कळला. त्याकडे येतोच.

या मुलाच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक होती. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, खाली गोवा, घाटावर खानापूर, या सगळ्या पट्ट्यात रानडुकरे आणि माकडे शेताची नासाडी करतात, म्हणून असे परवाने दिले जातात. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे किंवा शिशाची गोळी, गजाने ठासायचे आणि टोपी चढवायची. त्या बंदुकीला कॅलिबरचा प्रश्नच नसे. नळीत मावेल ती गोळी! नातवाच्या मनात तेच चित्र होते: चुलीवर शिसे वितळले, साच्यात ओतले, झाली गोळी.

रायफलचे तसे नाही. रायफलच्या नळीला आतून पीळ घातलेले आटे असतात. गोळी त्या आट्यांत घट्ट रुतून फिरत बाहेर पडते, आणि त्या गरगरण्यामुळेच ती भोवऱ्यासारखी स्थिर राहते. म्हणजे आता शिशाने दोन कामे करायची. मागून येणारा दाब सोसायचा आणि आट्यांची पकड सोडायची नाही. सगळी मेख इथे आहे.

पण कॅलिबरच्या आधी कायदा. एफ-१ किंवा एच-१ व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूकच काय, एक काडतूसही बाळगायला संघीय कायद्याने १९९८पासून मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहण्याआधी वकिलाला विचारा. इमिग्रेशनच्या फाईलवर असला डाग कोणाला परवडणार? ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर ही अडचण नाही. स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला आणि काडतुसे भरायला संघीय लायसन लागत नाही, मात्र काडतुसे भरून विकायची तर लागते. आणि भारतात जाऊन हा उद्योग करायचा विचारही नको. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. आमच्या या मुलाकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून पुढचे बोलणे.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतला व्यास, इंचाच्या शतांशात. तीसचे कॅलिबर म्हणजे ०.३० इंच. नावे मात्र ज्याने त्याने मनाला येतील तशी ठेवली आहेत. थर्टी-थर्टी म्हणजे तीसचे कॅलिबर आणि मुळात ३० ग्रेन बिनधुराची दारू. फॉर्टी-फाइव्ह सेव्हन्टी म्हणजे पंचेचाळीसचे कॅलिबर आणि ७० ग्रेन काळी दारू. थर्टी-ऑट-सिक्स म्हणजे तीसचे कॅलिबर आणि सन १९०६. दारूचे वजन कुठे आणि इसवी सन कुठे, पण चालते.

आता हा ग्रेन. एका पौंडात ७,००० ग्रेन. आपल्या लोकांना हे माप परके वाटते, पण वाटू नये. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात तोळा प्रमाणित केला तो बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे थर्टी-थर्टीची १७०-१८० ग्रेनची गोळी ही जवळजवळ एक तोळ्याची, आणि फॉर्टी-फाइव्ह सेव्हन्टीची मूळची ४०५ ग्रेनची गोळी बरोबर सव्वादोन तोळ्यांची. सोनाराच्या तराजूत ठेवून पाहिले की गोष्टी कशा हाताशी येतात!

आता शिसे. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. इतके मऊ, की शुद्ध शिशावर नखाने ओरखडा उठतो. जड, मऊ आणि झटकन वितळणारे, म्हणून शेकडो वर्षे गोळ्या शिशाच्याच होत्या. काळी दारू गोळीला सेकंदाला साधारण १,३००-१,४०० फुटांपर्यंत नेई आणि तेवढे शिशाला झेपे. मग फ्रेंचांनी १८८६ साली बिनधुराची दारू वापरणारी लेबेल रायफल आणली. वेग एकदम वाढला. त्या वेगाला उघडे शिसे टिकेना. ते आट्यांची पकड सोडून घसरू लागले आणि नळीत त्याचा लेप बसू लागला. उपाय तयारच होता. स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिन यांनी १८८२ सालीच शिशावर तांब्याचे कवच चढवले होते. तेव्हापासून फौजी रायफलची गोळी कवचाची झाली, आणि पुढची नवी कॅलिबरे कवच गृहीत धरूनच आखली गेली.

या लेखाचा मुद्दा इथेच आहे. घरी ओतलेल्या गोळीला कवच नसते. तेव्हा कॅलिबर निवडताना बंदुकीच्या दुकानातल्या पोऱ्याला विचारू नका, शिशाला विचारा. शिसे उत्तर देते: "जुने, जाड आणि सावकाश चालणारे असेल तर मी येतो."

अर्थात शिशाला थोडा आधार देता येतो. त्यात अँटिमनी मिसळले की कडकपणा येतो. कथील मिसळले की रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. गोळ्या ओतणाऱ्यांचे एक जुने आवडते मिश्रण आहे: ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी. कडकपणाच्या ब्रिनेल मापावर शुद्ध शिसे ५च्या आसपास, हे मिश्रण १५च्या आसपास. त्याहून कडक, सुमारे २२, म्हणजे लायनोटाईपचा धातू: ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील.

लायनोटाईप म्हणजे तेच, छापखान्यातले! हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला फार गंमत वाटली. छापखान्याचा खिळा आणि बंदुकीची गोळी, दोघांनाही एकच गुण हवा. धातू थिजताना फार आकसू नये आणि कडा धारदार याव्यात. अक्षराची वेलांटी तुटकी आली तर वाचणारा अडखळतो, गोळीचा बूड तुटका आला तर नेम चुकतो. जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला १८६९ साली. त्यांच्या सुबक देवनागरी खिळ्यांनी मराठी आणि संस्कृत ग्रंथांच्या पिढ्या छापल्या. आणि पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना सुरू झाला तोही १८६९ सालीच. एकाच वर्षी, घाटाच्या अल्याड आणि पल्याड, शिसे दोन वाटांनी निघाले. खडकीच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ अशी खूण असते. ती रिकामी पुंगळी आपल्यापैकी काहींनी एन.सी.सी.च्या कॅम्पवरून लपवून आणली असेलच.

अमेरिकेत फोटोटाईपसेटिंग आले तेव्हा छापखान्यांनी लायनोटाईपचा धातू भंगारात काढला आणि गोळ्या ओतणाऱ्यांची चंगळ झाली. तो साठा आता आटत आला आहे. दुसरा जुना स्रोत म्हणजे टायरच्या दुकानातली चाकाला लावायची वजने. पण युरोपने २००५ साली आणि कॅलिफोर्नियाने २०१० साली शिशाची वजने बंद केली, आणि इतरत्रही जस्ताची व लोखंडाची वजने आली. जस्त मिसळले की अख्ख्या भांड्याचा रस बिघडतो, साच्यात नीट भरतच नाही. जस्त ४२० अंशांना वितळते. म्हणून भांडे त्याच्या बरेच खाली ठेवावे, म्हणजे जस्ताची वजने न वितळता वर तरंगतात आणि झाऱ्याने काढून टाकता येतात. हे सगळे सांगण्याचे कारण असे, की उत्तम कडक मिश्रण वाटेल तेवढे मिळेल या भरवशावर कॅलिबर निवडू नये. साध्या, मध्यम कडक शिशावर जे भागेल ते घ्यावे.

आता उमेदवार एकेक करून बघू. लग्नाच्या स्थळांसारखे.

पहिले स्थळ, टू-ट्वेंटी-थ्री. १९६४चे, लोकप्रिय, काडतूस सगळीकडे मिळते. मुलाच्या मनात हेच होते, कारण त्याच्या ऑफिसमधल्या सगळ्यांकडे हेच आहे. गोळी ५५ ग्रेनची, वेग सेकंदाला ३,००० फुटांच्या वर, दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला ५५,००० पौंड. नळीचा पीळ आठ इंचांत एक फेरा असेल तर हिशेब करा: ३,००० फूट वेगाला मिनिटाला २ लाख ७० हजार फेरे. गिरमिटाचे पाते जणू! एवढ्या पिळाला उघडे शिसे टिकवायचे तर वेग पार खाली आणावा लागतो, आणि मग त्या रायफलचा उपयोग काय? दुसरे म्हणजे ओतकामात एखादा ग्रेन इकडेतिकडे होतोच. ५५ ग्रेनमध्ये एक ग्रेन म्हणजे जवळजवळ दोन टक्के. ४०५मध्ये एक ग्रेन म्हणजे पाव टक्का. लहान गोळीत लहानसा बुडबुडाही मोठा असतो. या कॅलिबरात ओतीव गोळी चालवणारे कसबी लोक आहेत, पण नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये.

दुसरे स्थळ, थर्टी-ऑट-सिक्स. खानदानी. पण मर्यादा ६०,००० पौंडांची, आणि पीळ साधारण दहा इंचांत एक. कवचाच्या गोळीसारखे २,७०० फुटांना हाकले तर मिनिटाला १ लाख ९४ हजार फेरे. दारू कमी घालून १,८००च्या आसपास ठेवले तर ओतीव गोळी छान चालते. ज्याच्याकडे ही रायफल आधीच आहे त्याने ती विकून नवी घेऊ नये. पण मुद्दाम याच कामासाठी घेणे म्हणजे भरधाव घोडा विकत घेऊन टांग्याला जुंपणे.

तिसरे, थर्टी-थर्टी. विंचेस्टरच्या १८९४च्या लिव्हर रायफलसाठी १८९५ साली आलेले. बिनधुराची दारू नुकती आलेली, जुना काळ अजून सरलेला नाही, अशा सांध्यावरचे हे काडतूस. पीळ बारा इंचांत एक, दाबाची मर्यादा ४२,००० पौंड. गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवतात, तिला गॅस चेक म्हणतात. ती लावली की १,८००-१,९०० फुटांना मध्यम कडक गोळी व्यवस्थित जाते. १,९०० फुटांना फेरे होतात मिनिटाला १ लाख १४ हजार. ओतीव गोळी सव्वा-दीड लाख फेऱ्यांच्या पुढे बिथरते असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. त्यावर हमरीतुमरीवर येऊन वाद होतात, पण एक लाख चौदा हजारांना दोन्ही पक्ष नाही म्हणत नाहीत. एका पौंड शिशात १७० ग्रेनच्या ४१ गोळ्या होतात.

चौथे, थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम. मुळात १९३५चे पिस्तुलाचे काडतूस, पण छोट्या लिव्हर कार्बाइनमध्येही चालते. मर्यादा ३५,००० पौंड. गोळी १५८ ग्रेनची, पौंडात ४४. त्याच नळीत थर्टी-एट स्पेशलची नरम काडतुसेही चालतात, बहुतेक वेळा गॅस चेकही लागत नाही. पुंगळी सरळ, दारू थोडी, धक्का कमी. शंभर यार्डांच्या आत कागदावर नेम धरायचा असेल तर यासारखे गुणी स्थळ नाही. लांब पल्ल्याला मात्र कमी पडते.

पाचवे, फॉर्टी-फाइव्ह सेव्हन्टी. १८७३, अमेरिकन फौजेचे. हे तर जन्मले शिशासाठीच. पीळ वीस इंचांत एक, वेग १,३५० फूट, फेरे जेमतेम ४९ हजार. मर्यादा २८,००० पौंड. मऊ शिसेही चालते. पण पौंडात गोळ्या सतराच, आणि खांद्याला बसणारा धक्का असा, की पंचवीस बारांनंतर माणूस ‘आज पुरे’ म्हणतो. शिसे वाचवायला म्हणून घरी ओतायचे आणि तोळ्याऐवजी सव्वादोन तोळे उडवायचे, हा हिशेब मध्यमवर्गीय मराठी मनाला पटत नाही.

मार्लिनच्या लिव्हर रायफली मधल्या काळात मिळेनाशा झाल्या होत्या. २०२०मध्ये रूगरने ती कंपनी घेतली आणि २०२१च्या अखेरीपासून त्या पुन्हा बाजारात येऊ लागल्या. म्हणजे शेवटची तिन्ही स्थळे आज नवी कोरी मिळू शकतात.

भारताची आठवण झाली म्हणून सांगतो. इंग्रजांनी फौजी कॅलिबर नागरिकाला बंद केले होते, आणि .३०३ आजही तिथे निषिद्ध आहे. म्हणून सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल नागरिकांसाठी निघाली. तिकडे कॅलिबर सरकार ठरवते. इकडे दुकानात चाळीस पर्याय, आणि म्हणूनच डोके चालवावे लागते.

कॅलिबर ठरले तरी दोन गोष्टी उरतात. एक, माप. ओतीव गोळी नळीच्या आट्यांतल्या व्यासापेक्षा एक-दोन हजारांश इंच मोठी हवी. तीसच्या कॅलिबरात आट्यांतला व्यास ०.३०८ इंच, तर गोळी ०.३०९ किंवा ०.३१०. लहान पडली तर तापलेला वायू बाजूने निसटतो आणि शिसे वितळवत जातो. नळी नळीत फरक असतो. म्हणून रायफल पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून, नळीतून मऊ शिशाचा तुकडा हळूच ठोकत पार करावा, तो मायक्रोमीटरने मोजावा आणि मगच साचा मागवावा. चपलेआधी पाय मोजावा तसे. दारू किती घालायची हे मात्र छापील लोडिंग मॅन्युअलमध्ये ओतीव गोळीसाठी वेगळे दिलेले असते, तेच पाहायचे. अंदाजपंचे नाही, आणि शेजाऱ्याने सांगितले म्हणूनही नाही.

दुसरी गोष्ट, वंगण. उघडे शिसे नळीला चिकटू नये म्हणून गोळीच्या खाचांत मेणासारखे काही भरावे लागते. ही क्षुल्लक बाब वाटते ना? १८५७ साली एन्फिल्ड रायफलच्या काडतुसावरच्या चरबीने काय केले ते आपण शाळेत शिकलो. तेही मुळात याच अडचणीवरचे उत्तर होते: शिशाची गोळी, आट्यांची नळी आणि मध्ये वंगण. त्या जानेवारीत सरकारने शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण लावायची मुभा दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. मधमाशीचे मेण हा मुख्य घटक आजही चालतो. गेल्या काही वर्षांत गोळीवर पावडर कोटिंग करून ती छोट्या ओव्हनमध्ये भाजण्याची पद्धत आली आहे. शाकाहारी मंडळींनाही हरकत नसावी. मात्र तो ओव्हन पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही, पापड भाजायलासुद्धा नाही.

एवढे सगळे फोनवर सांगून झाले. तासभर गेला असेल. मुलगा खूष. "म्हणजे थर्टी-थर्टी ना दादा?" मी म्हटले, "हो." तेवढ्यात मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "त्यांना विचार, बाळ गराजमध्ये रांगत येतं त्याचं काय?"

मंडळी, हाच तो पोटातला प्रश्न. मुलगी दहा महिन्यांची आहे, आणि घरी तो प्रश्न तिच्या आईने आधीच विचारलेला होता. कॅलिबरच्या गप्पांत तो मागे पडला होता, एवढेच.

शिशाबद्दल आपल्या या भागाला कोणी शिकवायची गरज नाही. अर्विंगहून सिंगलटन बुलेवार्डने पूर्वेला निघालात की वेस्ट डॅलस लागते. तिथे १९३०च्या दशकापासून १९८४पर्यंत शिशाची मोठी भट्टी चालू होती. आसपासच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसे सापडले, अंगणातली माती खरवडून न्यावी लागली, आणि १९९५ साली तो परिसर संघीय सुपरफंड यादीत गेला. आपली बरीच मंडळी आज ज्या फ्रिस्कोमध्ये घरे घेतात, तिथेही जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढणारा कारखाना होता, तो २०१२ साली बंद झाला. भट्टीच्या मानाने गराजमधले दहा-वीस पौंडांचे भांडे म्हणजे काहीच नाही, हे खरे. पण भट्टी वस्तीत होती. भांडे घरात आहे.

इंजिनियरच्या नजरेने पाहू. धोका कुठून येतो? पुष्कळांना वाटते वाफेतून. शिसे उकळते १,७४९ अंशांना. आपण ओततो ३५०-४०० अंशांना, त्यामुळे वाफ फार थोडी. खरा धोका धुळीचा. रसावर जमणारी राखट साय झाऱ्याने काढली की तिची पूड उडते. आणि त्याहून वाईट म्हणजे झाडलेल्या पुंगळ्या. प्रायमरमध्ये शिशाचे संयुग असते. त्या पुंगळ्या यंत्रात कोरड्या घुसळून चकचकीत केल्या की ते शिसे बारीक धूळ होऊन हवेत जाते. ती धूळ हातावर, बुटावर, शर्टावर बसते आणि घरात चालत येते. पुढचे काम रांगणारे मूल करते: जमीन, हात, तोंड. पोटात गेलेले शिसे लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेते, आणि त्याचा घाव मेंदूच्या वाढीवर बसतो. सी.डी.सी.ने मुलांच्या रक्तातली इशाऱ्याची पातळी १९९१ साली डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली होती, २०१२ साली ती ५वर आणली, २०२१ साली ३.५वर. सुरक्षित पातळी अशी सापडलेलीच नाही.

मी स्वतः ओततो. माझी मुले मोठी आहेत, आणि माझे भांडे घराला लागून नाही, परसातल्या उघड्या शेडमध्ये आहे. तिथले बूट तिथेच, शर्ट वेगळा धुवायचा, काम चालू असताना चहासुद्धा नाही, संपल्यावर साबणाने हात आणि तोंड. पुंगळ्या पाण्यात घुसळायच्या, कोरड्या नाहीत. ढग दिसले की भांडे बंद, कारण वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला तर त्याची वाफ सोळा-सतराशे पट फुगते आणि सगळा रस अंगावर उडतो. एवढे करूनही माझ्या गराजमध्ये रांगणारे मूल असते तर मी ओतले नसते.

म्हणून त्याला सांगितले, "अरे, भांडे आत्ता घेऊ नकोस. रायफल घे, आणि ती कुलपाच्या कपाटात ठेव." इथेच कॅलिबरचा मुद्दा पुन्हा कामाला आला. टू-ट्वेंटी-थ्रीसाठी तयार ओतीव गोळ्या शोधत फिरावे लागते. थर्टी-थर्टी, थ्री-फिफ्टी-सेव्हन आणि फॉर्टी-फाइव्ह सेव्हन्टीसाठी मात्र ओतून, वंगण लावून, मापात बसवलेल्या गोळ्या शेकड्यावर मिळतात. म्हणजे शिशाला मानवणारे कॅलिबर घेतले तर ओतकाम पाच वर्षे पुढे ढकलले तरी अडत नाही. तयार गोळ्यांवर हात बसवावा, नळी मोजून ठेवावी, कुठले माप चालते त्याची वही करावी. पोर शाळेत जायला लागली, वेगळी शेड झाली, की साचा घ्यावा. तयार गोळीही शिशाचीच असते आणि प्रायमरही तोच असतो. तेव्हा रेंजवरून आल्यावर बाळाला उचलण्याआधी कपडे बदलणे आणि हात धुणे सुटत नाही. आणि बाळाच्या डॉक्टरांकडे शिशाची रक्ततपासणी आवर्जून मागावी. एका टोचणीचे काम आहे. हे जुन्या घरात राहणाऱ्या आणि भारतातून हळद-मसाले व सुरमा आणणाऱ्या घरांनाही सांगतो.

"मग पैसे काय वाचले दादा?" हा त्याचा शेवटचा प्रश्न. खरे आहे, तयार ओतीव गोळी घरच्या गोळीपेक्षा महाग पडते. पण कवचाच्या गोळीपेक्षा सहसा स्वस्तच. आणि मुळात घरी ओतणाऱ्याचे पैसे वाचतात हा एक गोड समज आहे. जेवढे वाचतात तेवढे बार जास्त काढले जातात. हे मी एकट्यानेच नव्हे, रेंजवरच्या प्रत्येक म्हाताऱ्याने कबूल केले आहे.

तर तात्पर्य. पहिलीच रायफल, मध्यम शिसे, शंभर-दीडशे यार्डांचा पल्ला: थर्टी-थर्टी. फक्त कागदावर, शंभराच्या आत: थ्री-फिफ्टी-सेव्हन. खांदा दणकट आणि शिसे मुबलक: फॉर्टी-फाइव्ह सेव्हन्टी. घरात रांगणारे, चालू लागलेले किंवा येऊ घातलेले मूल: यांतले कुठलेही, पण भांडे बंद.

परवा त्याचा निरोप आला. थर्टी-थर्टी घेतली, कपाट घेतले. साच्याचे पैसे उरले होते त्यातून बायकोने हाय चेअर घेतली. मला हा व्यवहार चोख वाटला.

पुढच्या अंकात गराजच्या दाराची स्प्रिंग, आणि ती स्वतः बदलण्याआधी कोणी कोणी थांबावे याविषयी.